मिंगोची खूण

मिंगोनं डुकराला आडवं पाडलं, मानेवर गुडघा रोवला, पुढचे दोन्ही पाय एका मुठीत धरले आणि वर न बघता म्हणाला, "काप."

फेलिम डेव्हानीच्या सुऱ्याला धार होती, तरी त्यानं तो पुन्हा एकदा पट्ट्यावर घासला.

"अरे काप की," कुंपणावर बसलेला नेड स्प्रॅग म्हणाला. "कान कापायचाय त्याचा. दाढी नाही करायची."

चर्चचे कारभारी लॅडब्रूक फाटकात उभे होते. त्यांच्या बुटांना चिखल लागू नये म्हणून कुणीतरी फळी टाकली होती. "दोन्ही कान," ते म्हणाले. "निम्मे. आधीची खाच किंवा भोक, काही शिल्लक राहता कामा नये."

आधीची खूण नदीकाठच्या सगळ्यांना पाठ होती. डाव्या कानाला पाकोळीच्या शेपटीसारखी खाच आणि उजव्याला भोक. आमच्याकडे डुकरं वर्षभर रानात मोकळी चरतात, ओकच्या झाडाखाली पडलेलं फळ खाऊन माजतात. पानगळीनंतर सगळे मिळून ती वळवून आणतात आणि कान बघून आपापली वेगळी काढतात. मालकीचा दुसरा पुरावा नसतो. कान नसलेलं डुक्कर घेऊन येणारा माणूस चोर, असं इथं धरूनच चालतात. पाकोळी आणि भोक म्हणजे मिंगो. मिंगो तंबाखूच्या मळ्याचे मालक कर्नल यांचा गुलाम होता, आणि गेली पंचवीसेक वर्षं ही खूण त्याची होती.

फेलिमनं कान धरून सुरा ओढला. डुक्कर किंचाळलं. मिंगोच्या मनगटावर रक्त उडालं, ते त्यानं पुसलं नाही.

"दुसरा," तो म्हणाला.

"यालाच विचारा ना, साहेब, डुकरं कुणाची ते," स्प्रॅग म्हणाला. "इथंच तर आहे, पाय धरून."

"त्याची साक्ष चालत नाही, स्प्रॅग. तुला माहीत आहे."

"मी आपलं गमतीनं म्हटलं."

"गमतीनंही म्हणू नकोस."

एकामागून एक सगळी डुकरं झाली. शेवटची गाभण डुकरीण मिंगोनं स्वतः उचलून आणली, कारण ती फेलिमला चावत असे. तिचेही कान गेले. चिखलात पडलेले कानांचे तुकडे स्प्रॅगच्या कुत्र्यानं खाल्ले.

लॅडब्रूकांनी हातमोजे चढवले. फेलिमला फाटकाशी बोलावून ते हळू आवाजात म्हणाले, "कळप कुणाचा आहे ते मला ठाऊक आहे, डेव्हानी. मी या परगण्यातच जन्मलो. पण गोरा माणूस शपथेवर 'माझा' म्हणाला की पुढं विचारायचं मला कारण उरत नाही. लक्षात ठेव हे."

"ठेवतो, साहेब. आभारी आहे."

"आभार नकोत. तू शपथ घेतली नसतीस तर कळप विकून पैसा गरिबांनाच वाटायचा होता. म्हणजे तुझ्यासारख्यांनाच."

* * *

हे सगळं सप्टेंबरातल्या एका रविवारी सुरू झालं. प्रवचन संपल्यावर नवा कायदा चर्चमध्ये वाचून दाखवला गेला. तो वर्षातून दोनदा वाचावा असं त्या कायद्यातच लिहिलेलं होतं. वाचन इतकं लांबलं की पुढच्या बाकांवरचे प्रतिष्ठित पेंगायला लागले. फेलिम नेहमीसारखा दाराशी उभा होता. तो आयरिश, पोपला मानणारा. इंग्रजांच्या चर्चला यायचं ते न आल्यास दंड होतो म्हणून. त्याला कुणी बाक दिला नव्हता आणि त्यानं मागितला नव्हता. मिंगो वर माळ्यावर, कर्नलांच्या बाकीच्या गुलामांबरोबर.

गुलामांच्या खुणेचे घोडे, गुरं, डुकरं जप्त करून विकावीत आणि आलेला पैसा परगण्यातल्या गरिबांना द्यावा, हे कलम वाचलं गेलं तेव्हा माळ्यावरून आवाज आला नाही. खाली दोघातिघांनी मान वळवून फेलिमकडे बघितलं. कळपाची खूण मिंगोची असली तरी कळप दोघांचा होता, हे कुणापासून लपलेलं नव्हतं.

दुपारी दोघं रानाच्या कडेला भेटले.

"तुझे म्हण," मिंगो म्हणाला.

"शपथ घ्यायला लावतील."

"मग घे. खोटं बोलायची तुला कधीपासून लाज वाटायला लागली? मुकादमाला जन्मभर सांगत आलास, कंबर दुखते म्हणून."

"दुखते माझी कंबर."

"आता दुखते. तेव्हा नव्हती दुखत."

फेलिम हसला. मिंगो हसला नाही. "आत्तापर्यंत माझ्या खुणेवर चाललं, आता तुझ्या खुणेवर. कळप तोच. हिवाळ्यात मारायची वेळ आली की माझं निम्मं मला दे."

"देईन. आईची शप्पथ."

"ती राहू दे. लॅडब्रूकला लागेल." मिंगोनं त्याच्या मानेकडे बोट केलं. ती मान तीस वर्षांच्या उन्हानं भाजून विटेच्या रंगाची झाली होती आणि तिच्यावर तपकिरी ठिपके होते. "गोरा म्हणे. आपल्या डुकरिणीचं पोट तुझ्यापेक्षा गोरं आहे. कायदा लिहिणाऱ्यानं तुला बघितलेलं दिसत नाही."

फेलिम या नदीवर उतरला तेव्हा त्याला कुणी गोरा म्हटलं नव्हतं. ठरावीक वर्षं राबायच्या करारावर विकला गेलेला सोळा वर्षांचा पोरगा होता तो, आणि त्याला जी नावं मिळाली ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. आयरिश माणूस झोपेतही चोरी करतो असं थोरले कर्नल, म्हणजे आताच्या कर्नलांचे वडील, जेवणाच्या टेबलावर सांगत. फेलिम आणि मिंगो तंबाखूच्या एकाच ओळीत खुरपत, एकाच खोपीत झोपत, एकाच भांड्यातली मक्याची पेज खात. त्या काळी कुणी किती वर्षं राबायचं ते मालक म्हणेल तेवढं होतं, आणि मिंगोलाही वाटत असे की आपलीही वर्षं कधीतरी भरतील.

मग मोठं बंड झालं. वसाहतीची राजधानी जेम्सटाउन जळलं. करारातले गडी आणि गुलाम बंदुका घेऊन एकाच खंदकात बसले, आणि सगळ्यांना मोकळं करू असं सांगून त्यांच्या बंदुका काढून घेण्यात आल्या. परत आणल्यावर दोघांना एकाच खांबाला बांधून फटके मारले. आधी फेलिमला, कारण आयरिश माणसानं काळ्याला फितवलं असणार असं थोरल्या कर्नलांचं मत होतं. फेलिमची कराराची वर्षं वाढली. मिंगोला त्याची किती राहिली ते पुन्हा कुणी सांगितलं नाही.

एका भटक्या डुकरिणीच्या पिलांपासून त्यांचा कळप सुरू झाला तो त्यानंतर. करारातल्या गड्यानं स्वतःचं जनावर ठेवायचं नाही, असा थोरल्या कर्नलांचा नियम होता. गुलामांना ते ठेवू देत. आपल्या जनावराच्या ओढीनं गुलाम पळून जात नाही, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून खूण मिंगोची झाली. आयरिश माणसाकडे मालकी येऊ शकत नव्हती, ती काळ्या माणसाकडे ठेवावी लागली. तेव्हा यात कुणाला काही विचित्र वाटलं नाही.

तेव्हा भेद होता तो ख्रिस्ती आणि विधर्मी असा. फेलिम यात कुठल्या बाजूला, यावर मुकादमाचं मत दर आठवड्याला बदलत असे. मिंगोनं बाप्तिस्मा घेतला. इंग्रजांची सकाळची सगळी प्रार्थना त्याला पाठ होती; फेलिमला तिची पहिली ओळसुद्धा येत नसे. असे मिंगो वाढायला लागले तेव्हा बाप्तिस्म्यानं गुलामी सुटत नाही असा कायदा आधीच करून ठेवलेला होता, पण माणसं वेगळी काढायला ख्रिस्ती हा शब्द काही कामाचा राहिला नाही. मग कायद्यांत दुसरा शब्द यायला लागला. कुणी कुणाशी लग्न करायचं नाही हे सांगताना लिहिलं गेलं, 'इंग्रज किंवा इतर गोरे.' लिहिणाऱ्यांच्या मनात आयरिश माणसाचं भलं नव्हतं. त्यांना आपल्या बाजूला मोजायला माणसं कमी पडत होती, आणि फेलिमची सोय त्या 'इतर'मध्ये झाली.

लॅडब्रूकांच्या ओट्यावर इंग्रजांच्या बायबलवर हात ठेवून फेलिमनं शपथ घेतली की पाकोळी आणि भोक या खुणेचा कळप आपला आहे, आणि गुलामाच्या नावावर ही खूण निव्वळ गैरसमजानं पडली आहे. चुकीच्या पंथाच्या पुस्तकावरची शपथ देव धरत नाही, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. लॅडब्रूकांनी फक्त एवढंच सांगितलं, "मग खूण बदल. सगळ्यांसमोर. तुझ्या हातानं."

* * *

कान कापल्यानंतरच्या रविवारी फेलिम दाराशी उभा राहिला तेव्हा लॅडब्रूक मागं वळून म्हणाले, "शेजारी डेव्हानी, उभे का? शेवटच्या बाकावर जागा आहे."

स्प्रॅग सरकला. फेलिम बसला.

"बसलास?" घरी आल्यावर ओनोरानं विचारलं. फेलिमची बायको दोन हिवाळे अंथरुणाला खिळून होती. पायांवर सूज, छातीत घरघर. जीभ तेवढी धडधाकट होती. "कसा होता बाक?"

"कडक."

"माझ्या बापाचं घर याच इंग्रजांनी जाळलं. आणि तू त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलास."

"उभं राहून कंबर दुखते."

"तुझी कंबर फार हुशार आहे." ती खोकली. बराच वेळ खोकली. मग निराळ्याच आवाजात म्हणाली, "यंदा मांस पुरेल ना रे? मागच्या वर्षीसारखं मला नुसत्या पेजेवर ठेवू नकोस. या वेळी नाही निभणार माझ्यानं."

"पुरेल."

"सगळं आपलं राहिलं तर."

फेलिमनं विस्तवात लाकूड सारलं.

स्प्रॅग आता येता-जाता घरी डोकावायला लागला. पूर्वी तो फेलिमच्या दारावरून जाताना नाक दाबत असे. स्वतः तो करारातून सुटलेलाच होता. मळ्यात त्याला फेलिमपेक्षा जास्त फटके पडले होते, आणि त्याच्याकडे जमीन होती ती फेलिमच्या जमिनीपेक्षाही दलदलीची. तो सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, बुधला घेऊन येई आणि दोन तृतीयांश स्वतःच पिई.

"शनिवारी आम्ही गुलामांच्या वस्त्या तपासायला जातो," तो एकदा म्हणाला. "बंदूक, काठी, काही सापडलं तर काढून घ्यायचं. चल तूही."

"माझ्याकडं बंदूक कुठाय?"

"गोऱ्या माणसाकडं बंदूक नाही म्हणजे काय? आता करार संपलेल्याला मालकानं बंदूक द्यायची असा कायदाच झालाय."

"मला थोरल्या कर्नलांनी एक टोपी दिली होती. ती पण जुनी."

स्प्रॅग खूप हसला. मग बुधला खाली ठेवून म्हणाला, "एक सांगतो, मित्र म्हणून. तो मिंगो तुझ्याकडं निम्मं मागायला येणार. येणार ना? अरे, मी काय आंधळा आहे का? देऊ नकोस. गुलामाशी देवघेव केली तर महिनाभर कोठडी आहे. आणि तो मांस घेऊन माझ्या दारावरून जाणार, दुसरी वाट नाही. मी त्याला अडवणार. तुझ्याच भल्यासाठी."

"माझ्या भल्याची तुला काळजी कधीपासून?"

"तू आमच्यातला झाल्यापासून," स्प्रॅग म्हणाला. तो गंभीरपणे बोलत होता, आणि फेलिमला हसू आलं नाही.

* * *

नाताळात कर्नल गुलामांना सुट्टी देत. थंडी कडक पडली होती. मारायला चांगले दिवस. मिंगो उजाडताच आला. त्यानं विस्तव पेटवला, दगड तापवून पिंपातल्या पाण्यात टाकले, पाण्यात बोट बुडवून बघितलं. दुपारपर्यंत चार डुकरं मारून झाली. तीन साफ करून टांगली होती. चौथ्याचे केस तो खरवडत होता. स्प्रॅग आमंत्रण नसताना आला होता आणि कोठाराच्या आडोशाला सायडरचं पिंप सोडायला तयार नव्हता.

"माझी कुठली दोन?" मिंगोनं विचारलं.

फेलिमनं कोठाराकडे बघितलं. "हळू बोल."

"हळू बोलतो. कुठली दोन? इथंच खारवून ठेव. मी थोडं थोडं नेईन, पिशवीत घालून. स्प्रॅग काही रोज शुद्धीवर नसतो."

"मिंगो, मी जरा विचार केला."

"ते मला तू सकाळी दोनदा 'ये, बस' म्हणालास तेव्हाच कळलं."

"नीट ऐक. धरला गेलास तर तुझी पाठ जाईल आणि मला कोठडी. ओनोराकडं कोण बघणार? कळप कुठं पळून जातोय का? पुढच्या वर्षी थोडं निवळलं की..."

"पुढच्या वर्षी काय निवळणार?"

"आत्ता डोकी आणि पाय ने. चारही डुकरांची. त्याला कुणी हरकत घेणार नाही. डोकी-पाय कुणीही कुणालाही देतं."

मिंगोनं खरवडायचं थांबवलं. "कुणीही कुणालाही नाही देत. मालक देतो, नाताळात. मला कर्नलांकडून मिळालीत कालच."

"तू उगाच वाकडं घेतोस."

"कान कापताना पाय मी धरले होते, फेलिम. वाकडं घ्यायचं असतं तर तेव्हाच सोडले असते."

फेलिमला आता बोलणं नको होतं. तो टांगलेल्या पहिल्या डुकराकडे वळला आणि डोकं वेगळं करायला त्यानं मानेत सुरा घातला. मिंगो मागून आला आणि त्यानं त्याचं मनगट पकडलं. फार जोरानं नाही. मळ्यात एकाला दुसऱ्याची चूक थांबवायची असली तर धरतात तसं.

"आधी बोल," मिंगो म्हणाला. "मग काप."

"ए, काय चाललंय तिकडं?" स्प्रॅग हातात पेला घेऊन पुढं आला होता.

"सोड," फेलिम म्हणाला.

"बोल आधी."

"हात सोड. मी गोरा माणूस आहे."

मनगट तत्क्षणी सुटलं. इतक्या लगेच, की फेलिमचा हात स्वतःच्याच जोरानं मागं गेला आणि सुरा खाली पडला. मिंगो दोन्ही हात अंगापासून दूर, सगळ्यांना दिसतील असे धरून उभा होता. माणूस असा उभा राहायला एका दिवसात शिकत नाही. तो हे शिकला होता, पण फेलिमसमोर त्याला ते कधी करावं लागलं नव्हतं.

स्प्रॅग शिट्टी वाजवत जवळ आला. "उगारला की नाही हात? मी पाहिलं. डेव्हानी, तुला फक्त न्यायाधीशापुढं जाऊन शपथ घ्यायची आहे. तीस फटके. दुसरा साक्षीदारसुद्धा लागत नाही, तुझा एकट्याचा शब्द बास."

"काही झालं नाही."

"अरे, मी डोळ्यांनी पाहिलं."

"तू सकाळपासून पिंप पाहतोयस. घरी जा, नेड."

"आता तुझ्यासारख्यांमुळंच..."

"घरी जा म्हटलं ना."

स्प्रॅगनं पेल्यातली सायडर संपवली, पेला खिशात घातला आणि गेला. जाताना मिंगोच्या पायाशी थुंकला.

फेलिमला वाटलं, आता मिंगो काहीतरी बोलेल. शिव्या देईल, तो आफ्रिकेतल्या त्याच्या भाषेतल्या चार शिव्या अजून विसरला नव्हता आणि त्या फेलिमलाही येत. मिंगो पिंपाकडे परत गेला. चौथ्या डुकराचे उरलेले केस त्यानं खरवडले, कानांच्या बुंध्यांभोवतीचेसुद्धा, पोट फाडलं, आतडी घमेल्यात काढली, डुक्कर टांगलं. विस्तवावर माती टाकली. वाळूनं हात धुतले.

"मी शपथ घेणार नाही," फेलिम म्हणाला. "तुला माहीत आहे ना? मी कधीच घेणार नाही."

मिंगोनं कोट अंगावर चढवला. "पण घेऊ शकतोस," तो म्हणाला आणि गेला.

फेलिमनं नंतर कापलेली डोकी आणि पाय फळीवर तसेच राहिले. ओनोरानं त्यांचा रस्सा करू दिला नाही. डोक्याचं मांस तिला आवडत नसे. शेवटी ते स्प्रॅगच्या कुत्र्याला गेले.

* * *

जानेवारी संपेपर्यंत मिंगो आला नाही. फेलिमनं मांस खारवलं, धुरावर टांगलं. ओनोराच्या अंगात थोडी शक्ती आली. ती उशाला टेकून बसायला लागली. पण तुळईवर फेलिमनं दोन डुकरांचं मांस एका बाजूला टांगलं होतं, त्याला तो हात लावत नव्हता आणि तिला लावू देत नव्हता.

"ते काय लॅडब्रूकच्या लग्नाला ठेवलंयस?" ती म्हणे.

"राहू दे."

"मग नेऊन दे ना त्याला. नाहीतर मला दे. असं टांगून बघत काय बसतोस?"

फेब्रुवारीच्या सुरुवातीला फेलिम कर्नलांच्या कचेरीत गेला आणि म्हणाला की कुंपणाचे ओंडके फोडायला एका दिवसापुरता गडी हवा. मिंगो मिळाला तर बरं. पूर्वी असं मागायला तो गेला असता तर कुत्रे सोडले असते. कर्नलांचा कारकून म्हणाला, "अवश्य, शेजारी," आणि बदल्यात डुकराची एक पुढची तंगडी ठरली.

मिंगो सकाळी आला, टोपीत कर्नलांची चिठ्ठी खोचून. 'ओंडके फोडण्यासाठी जाणे व परत येणे.' त्यानं दिवसभर ओंडके फोडले. फेलिम मदतीला गेला तेव्हा त्यानं दुसरी कुऱ्हाड पुढं केली आणि जागा बदलून पलीकडच्या टोकाला गेला. दोघांनी एकाच लाकडाला दोन बाजूंनी पाचर मारायची ही त्यांची जुनी पद्धत होती. त्या दिवशी प्रत्येकानं आपापलं लाकूड फोडलं. ओंडके सरळ फुटले होते. रास व्यवस्थित लागली होती.

दिवस कलला तसा फेलिम घरात गेला. त्यानं एका माणसाला नेता येईल तेवढं मांस तुळईवरून काढलं, गोणपाटात बांधलं, दार उघडलं. मिंगो उंबऱ्यापासून चार हात लांब, टोपी हातात घेऊन उभा होता. वारा झोंबत होता.

"आत ये," फेलिम म्हणाला. "विस्तव आहे. ओनोरा विचारत होती."

"इथं ठीक आहे, मालक. आणखी काही काम?"

"मालक म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"फेलिम म्हण."

"स्प्रॅगनं ऐकलं तर परत शपथेची गोष्ट निघेल. तुम्हाला त्रास."

फेलिमनं गोणपाट पुढं केलं. "हे तुझ्या निम्म्यातलं, बाकीचं आत आहे. दोन डुकरं. यातलं बोटभरही मी खाल्लेलं नाही, हिला विचार."

मिंगोनं गोणपाटाकडे बघितलं. लपवलं नाही, नीट बघितलं. त्याला घरी बायको होती, दोन पोरी होत्या, आणि कर्नलांकडून हिवाळ्यात मिळायचा तो मका. "माझ्या चिठ्ठीत मांस नाही," तो म्हणाला. "वाटेत अडवलं तर कुणाचं म्हणून सांगू?"

"माझं म्हणून सांग. डेव्हानीनं दिलं म्हण. मी उद्या कर्नलांना सांगतो, मी दिलं म्हणून. आता ऐकतात ते माझं."

"ऐकतातच."

"मग झालं तर. ने."

"तुमचं असेल तर मला नको," मिंगो म्हणाला. "आणि माझं आहे असं सांगून मला ते नेता येत नाही. मग ते आतच बरं."

"हट्टानं पोरी उपाशी ठेवशील?"

"पोरी माझ्या आहेत," मिंगो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "म्हणजे कर्नलांच्या आहेत. पण हे मी त्यांना आणून दिलं तर त्या विचारतील, कुणी दिलं. मला ते नाव घ्यायचं नाही."

गोणपाट जड होतं. फेलिमनं ते एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. त्याला आत जाता येईना आणि मिंगोला हाकलता येईना. वाऱ्यानं चुलीतला धूर उलटा फिरून घरभर पसरला, आणि आतून ओनोराचा खोकला सुरू झाला.

"दार लाव रे," ती आतून ओरडली. "सगळी थंडी आत घेतोयस. कोण आहे?"

फेलिम आतच गोणपाट धरून उभा राहिला. दारात मिंगो असताना त्यानं आजवर कधी दार लावलं नव्हतं.

"बाईंना त्रास होतोय," मिंगो म्हणाला. त्यानं टोपी डोक्यावर घातली, चार पावलं पुढं आला, आणि आत न बघता हात लांब करून दार हळूच बाहेरून ओढून घेतलं. अडसर आपोआप खाली पडला.